अकरा नोंदी

"सही कर," किरपेकर म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला.

"सर, आकडा थांबत नाहीये."

"कुठला आकडा?"

"सर्वांत जास्त तापमानाचा. वीस सेकंदांचं पाऊल घेतलं तर एकाहत्तर अंश येतो. दहाचं घेतलं तर चौऱ्याहत्तर. पाचाचं घेतलं तर एकोणऐंशी. पाऊल लहान करत गेलं की तो कुठेतरी स्थिर व्हायला हवा. हा वर वरच चाललाय."

"मग वीसच ठेव," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

त्या हसण्याचा मला आजही राग येतो. बावीस वर्षं झाली. किरपेकर गेले, ती कंपनी दुसऱ्याच नावाने चालते, तरी ते हसू आठवलं की माझी कानशिलं तापतात. रागाच्या बाबतीत मी आईवर गेले आहे, असं आमच्या सांगलीच्या घरात सगळे म्हणतात. पण आईचा राग तासाभरात उतरायचा.

आमची कंपनी रंगांच्या कारखान्यांना लागणारी रसायनं बनवायची. कारखाना खेडच्या पुढे, घाटाखाली. आम्ही पुण्याच्या ऑफिसात बसून त्या कारखान्यातल्या सहा हजार लिटरच्या रिॲक्टरचं गणित करायचो, म्हणजे आत काय घडेल ते कॉम्प्युटरवर आधी घडवून बघायचो. त्यासाठी दोन प्रोग्रॅम होते. एक किरपेकरांचा, त्यांच्या पीएचडीपासून चालत आलेला. आतला माल कसा ढवळला जातो, बाहेरच्या जॅकेटमधलं थंड पाणी किती उष्णता ओढून घेतं आणि शेवटी तापमान किती राहतं, हे तो सांगायचा. दुसरा माझा. त्या तापमानाला रासायनिक क्रिया किती वेगाने होईल आणि किती उष्णता सोडेल, हे माझा सांगायचा. साहजिकच माझ्या प्रोग्रॅमला त्यांचं उत्तर लागायचं आणि त्यांच्याला माझं.

दुखणं तिथेच होतं. दोन्ही प्रोग्रॅम वीस सेकंदांतून एकदा एकमेकांना आकडा द्यायचे; त्या मधल्या वेळालाच आम्ही पाऊल म्हणायचो. मधल्या वेळात दोघेही समोरच्याच्या शिळ्या आकड्यावर आपापलं काम रेटायचे. क्रिया सावकाश चालली असेल तर काही बिघडत नाही. पण क्रिया जोरात असेल तर माझा प्रोग्रॅम उष्णता ओतत राहतो आणि त्यांच्या प्रोग्रॅमला ते उशिरा कळतं. योग्य रीत अशी की प्रत्येक पावलाला थांबायचं, दोघांनी एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारायचं, दोघांचं उत्तर एक झालं की मगच पुढचं पाऊल टाकायचं. त्या वेळच्या आमच्या मशीनवर असं गणित पूर्ण व्हायला साडेतीन दिवस लागणार होते.

"आज सोमवार," मी म्हटलं. "गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर येईल. ट्रायल शुक्रवारी घेऊ या."

"डायरेक्टर गुरुवारी येतायत. ट्रायल गुरुवारी सकाळी दहाला आहे."

ट्रायल होती डोसिंगची. रिॲक्टरमध्ये दुसरं रसायन थेंबाथेंबाने सोडतात, त्याला डोसिंग म्हणतात. ते आठ तास चालायचं. ते चार तासांत उरकलं तर दिवसाला दुप्पट माल निघाला असता. चार तासांत तापमान एकाहत्तरच्या वर जात नाही, असं आमचा रिपोर्ट म्हणत होता. नव्वदच्या पुढे तो माल स्वतःच तापत सुटतो. मग पाणी सोडा, बर्फ ओता, तो ऐकत नाही. त्या शेडमध्ये एका पाळीला सहा माणसं असायची.

"सर, सहा माणसं उभी असतात तिथे."

"आरवाडे, नाटक नको." किरपेकरांनी फाइल उघडली. "हा प्लँटचा डेटा. सातशे नोंदी. ऑपरेटर दर दोन तासांनी तापमान बघून लॉगशीटवर लिहितात. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न. आपलं मॉडेल किती सांगतं? अठ्ठावन्न पॉइंट तीन. प्रत्यक्षाशी इतकं जुळणारं मॉडेल देशात दुसरं दाखव. आणि हा डेटा कोणी साफ केलाय? तूच ना?"

मीच केला होता. दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागल्यावर माझं ते पहिलं काम. सातशे अकरा नोंदींतून अकरा चुकीच्या नोंदी शोधून मी बाहेर काढल्या होत्या. त्यावर चार पानांचा रिपोर्ट लिहिला होता आणि किरपेकरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.

सातशे नोंदींची ती फाइल मी मिटली. मी सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या पानावर वळ उठले. मग जागेवर येऊन मी टेबलाखालचं जुनं मशीन चालू केलं आणि थांबून थांबून विचारणारं ते साडेतीन दिवसांचं गणित लावून दिलं. किरपेकरांना विचारलं नाही.

*

गुरुवारी सकाळी शेडमध्ये मी, किरपेकर, वर्क्स मॅनेजर शेट्ये आणि रिॲक्टरवरचे ऑपरेटर गंगाराम भुवड होतो. बाकीचे पाच जण खाली पिंपं हलवत होते. डायरेक्टर गेस्ट हाउसवर नाश्ता करत होते, ते माल निघताना येणार होते.

भुवड पन्नाशीचे, काटक, खेडजवळच्याच गावचे. सगळे त्यांना मामा म्हणत. मी नमस्कार केला तर त्यांनी मान हलवली, बस्स. चहा आला तेव्हा सगळ्यांना कप दिले आणि माझा कप माझ्यापासून हातभर लांब ठेवला. तो उचलायला मला उठावं लागलं असतं; मी उठले नाही. मला वाटलं, पुण्याहून आलेली पोरगी, म्हणून हा तोरा असणार. मनातल्या मनात मी त्यांनाही दोन शिव्या घातल्या.

डोसिंग सुरू झालं. रिॲक्टरच्या अंगावर तापमानाचा लाल आकडा दिसायचा. तासाभरात तो त्रेसष्टवर आला.

भुवडमामांची एक रीत होती. दर दहा मिनिटांनी ते खाली वाकायचे आणि जॅकेटमधून पाणी जिथून बाहेर पडतं त्या पाइपला उजव्या हाताची मागची बाजू लावून ओठांतल्या ओठांत मोजायचे.

"हे काय करता?" मी विचारलं.

"पाचपत्तुर हात टिकला तर ठीक."

"आणि नाही टिकला तर?"

"तर न्हाय ठीक," ते म्हणाले आणि पुढे गेले.

अकरा चाळीसला लाल आकडा चौऱ्याहत्तर झाला. आमच्या रिपोर्टातली सर्वांत वरची मर्यादा एकाहत्तर होती. मी किरपेकरांकडे गेले.

"सर, चौऱ्याहत्तर."

"दिसतंय मला. सेन्सर डोसिंगच्या नळीजवळ आहे. डोसिंग चालू असताना तो जास्तच दाखवतो. माहीत नाही का तुला?"

ते वाक्य मला ओळखीचं वाटलं. कुठे वाचलं होतं ते त्या क्षणी आठवलं नाही.

"सर, आपण थांबू या. आकडा उतरेपर्यंत तरी."

"तुझी सही आहे रिपोर्टवर," ते शांतपणे म्हणाले. "आता तूच घाबरलीस तर शेट्येंनी काय समजायचं?"

शेट्ये दुसरीकडे बघत होते.

बारा वाजले तशी मी शिफ्ट ऑफिसात गेले आणि पुण्याला फोन लावला. आमच्या ऑफिसच्या टायपिस्ट फडणीसबाईंनी उचलला.

"बाई, माझ्या टेबलाखालचं जुनं मशीन बघता का? चालू आहे की थांबलंय?"

बाई जाऊन आल्या. "थांबलंय गं. पण शेवटी आकडेच नाहीत. नुसत्या चांदण्या आल्यात."

"म्हणजे?"

"अगं, एका ओळीत पाच-पाच चांदण्या. टायपात असतात तशा. काही बिघडलं का?"

आमच्या प्रोग्रॅममध्ये आकड्याला ठरावीक जागा दिलेली असते. आकडा त्या जागेत मावेनासा झाला की तिथे चांदण्या छापल्या जातात. माझ्या रिॲक्टरचं तापमान मोजण्यापलीकडे गेलं होतं.

"बाई, चांदण्यांच्या आधीची ओळ वाचा. पहिल्या रकान्यात वेळ असेल."

"दोन तास चाळीस मिनिटं."

डोसिंग सुरू होऊन दोन तास पाच मिनिटं झाली होती.

"आता दोन तास पाच मिनिटांची ओळ बघा. तिथे तापमान किती आहे?"

कागदाची सळसळ ऐकू आली. "एकोणसत्तर."

मी फोन ठेवला आणि धावत बाहेर आले. लाल आकडा सत्त्याहत्तर होता. म्हणजे ज्या गणितात दोन तास चाळीसला सगळं उडणार होतं, ते गणितही खऱ्या रिॲक्टरच्या आठ अंश मागे होतं. असं कसं होईल? पावलांची चूक तर मी दुरुस्त केली होती. मग अजून काय चुकीचं होतं?

भुवडमामा लॉगशीट लिहीत होते. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. बारा वाजताच्या घरात त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं: साठ.

माझं डोकं फिरलं.

"हे काय लिहिताय?" मी ओरडलेच. "समोर सत्त्याहत्तर दिसतंय आणि तुम्ही साठ लिहिता? डोळे आहेत ना? ह्या तुमच्या आकड्यांवर आम्ही तिकडे गणितं करतो, माहितीये? तुम्ही अठ्ठावन्न लिहिलंत म्हणून आम्ही जॅकेट इतकं थंड करतं असं धरून चाललो. सगळं खोटं! किती वर्षं चाललंय हे?"

खालची माणसं वर बघायला लागली. भुवडमामांनी पेन खिशाला लावलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण ओठ पांढरे पडले होते.

"म्या लिवतोय ते दीड वर्स."

"का?"

"मला इचारताय का? मला?" त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला. "म्या या रियाक्टरवर नवा आलो तवा बाकीचे समदे अठ्ठावन्न लिवायचे. साहेबांना अठ्ठावन्न पायजे, तर अठ्ठावन्न लिवायचं, अशी इथली रीत. म्या म्हनलं, आपुन दिसतंय ते लिवू. तीन दिस लिवलं. मग ह्यो आला. वाचा."

तो मेमो होता, शेट्येंच्या सहीचा, माझ्या रिपोर्टाचा हवाला देऊन काढलेला. 'सेन्सर डोसिंगच्या नळीजवळ असल्याने, अथवा ऑपरेटरच्या वाचनदोषामुळे, श्री. भुवड यांच्या अकरा नोंदी अग्राह्य ठरल्या आहेत.' वाक्य माझं होतं. मी इंग्रजीत लिहिलेलं कोणीतरी मराठीत उतरवलं होतं. रिपोर्टात मी नाव लिहिलं नव्हतं. 'ऑपरेटर क्रमांक चार' एवढंच लिहिलं होतं.

"सा म्हैने मला हेल्पर केलान," भुवडमामा म्हणाले. "माज्या हाताखालची पोरं मला पिंप उचल म्हनून सांगायची. का, तर मला आकडा वाचता येत न्हाय. पुन्यातल्या कुना म्याडमनी लिवलंय म्हनून. आता तुमीच इचारताय, खोटं का लिवतो?"

लाल आकडा एकोणऐंशी झाला.

त्या सातशे नोंदी सगळ्या खोट्या होत्या. अकरा खऱ्या होत्या आणि त्याच मी शोधून शोधून काढून टाकल्या होत्या. आमच्या मॉडेलशी जुळत नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा होता. उरलेल्या खोट्यांवर आम्ही मॉडेल घासूनपुसून बसवलं आणि ते जुळतं म्हणून छाती फुगवली.

"काय चाललंय इथे?" किरपेकर आले. "आरवाडे, कामगारांशी भांडतेस?"

"सर, डोसिंग बंद करा."

"वेडी झालीस का?"

"बंद करा म्हणते ना! पुण्याचं गणित आलंय. दोन तास चाळीसला ते हाताबाहेर जातंय, आणि हा रिॲक्टर त्याच्याही पुढे धावतोय. अजून अर्धा तासही नाही आपल्याकडे."

"कुठलं गणित? कोणाला विचारून लावलंस? शेट्ये, काही बंद करायचं नाही. सेन्सर नळीजवळ आहे."

भुवडमामा वाकले. पाइपला हात लावला. दोनच्या पुढे मोजू शकले नाहीत. हात झटकून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हुकमाशिवाय म्या हात लावला तर नोकरी जाईल," ते म्हणाले. "बोला. हुकूम देताय?"

"देते. बंद करा!"

माझं बोलणं संपायच्या आत त्यांचा हात व्हॉल्व्हवर होता. त्यांनी तो करकचून फिरवला आणि खाली बघून ओरडले, "भायेर! समदे भायेर!" पाच माणसं पळाली. शेट्ये पळाले. किरपेकरही पळाले, आणि ते मी आवर्जून लिहून ठेवते आहे.

भुवडमामांनी थंड पाण्याची दुसरी लाइन उघडली. मी तिथेच उभी होते. शौर्य वगैरे काही नव्हतं, मला पाऊल उचलता येत नव्हतं. डोसिंग बंद झालं तरी आधी पडलेलं रसायन आत क्रिया करतच होतं. ब्याऐंशी. पंच्याऐंशी. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीवर आकडा थांबला आणि किती तरी वेळ तिथेच राहिला. मग सत्त्याऐंशी झाला.

भुवडमामा खाली बसले. घसा साफ करून म्हणाले, "चा घ्या म्याडम. थंड झाला आसंल."

सकाळपासून तो कप तिथेच होता. मी तो उभ्यानेच प्यायले.

*

पंधरा दिवसांनी चौकशी लागली. कारखान्याच्याच गेस्ट हाउसमध्ये. टेबलाच्या एका बाजूला डायरेक्टर आणि शेट्ये, दुसऱ्या बाजूला किरपेकर आणि मी. भुवडमामा दाराजवळच्या खुर्चीवर, पायांतल्या चपला बाहेर काढून ठेवून.

किरपेकर आधी बोलले. तापमान नव्वदच्या वर गेलंच नाही, त्यामुळे धोका नव्हताच. घाबरटपणामुळे एक बॅच वाया गेली. मॉडेल बरोबर आहे.

मग मी उठले आणि पाऊण तास बोलले. इतकं चांगलं मी आयुष्यात पुन्हा कधी बोलले नाही. वीस सेकंदांचं पाऊल, शिळे आकडे, वर वर चढत जाणारी उत्तरं, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पाच चांदण्या छापलेला कागद डायरेक्टरांच्या पुढ्यात ठेवला. किरपेकरांनी 'मग वीसच ठेव' म्हटलेलं सांगितलं. हसलेलं सांगितलं. पळालेलं सांगितलं. माझा आवाज चढत होता आणि मला कोणी थांबवत नव्हतं. किरपेकरांचा चेहरा उतरत गेला तसतसं मला बरं वाटत गेलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते हेच.

डायरेक्टरांनी चांदण्यांचा कागद दोनदा वाचला.

"तुम्ही म्हणता, पावलं सुधारल्यावरही गणित रिॲक्टरच्या मागे होतं. ते का?"

"लॉगशीटमधल्या नोंदी खोट्या होत्या. मॉडेल त्यांवर बसवलेलं होतं."

"खोट्या कोणी लिहिल्या?"

भुवडमामा उठून उभे राहिले.

"समदेच लिवायचे साहेब. दीड वर्स म्या बी लिवल्या. त्येच्या आदी खऱ्या लिवत होतो. मग मेमो आला."

"मेमो अचूक लिही म्हणून होता," शेट्ये म्हणाले. "खोटं लिही असं त्यात कुठे म्हटलंय, दाखवा."

डायरेक्टर माझ्याकडे वळले. "आरवाडे, तो मेमो तुमच्या रिपोर्टावरून निघाला होता ना? त्या अकरा नोंदी खरंच चुकीच्या होत्या का?"

किरपेकरांनी माझ्याकडे बघितलं. त्या पहिल्या रिपोर्टवर माझ्या सहीखाली त्यांचीही सही होती. त्या सबंध दिवसात आमचं दोघांचं उत्तर एक झालं ते त्या एका क्षणी, आणि त्यासाठी एकमेकांना विचारायचीही गरज पडली नाही.

"त्या वेळच्या माहितीप्रमाणे," मी म्हटलं, "चुकीच्या होत्या."

भुवडमामा बसले.

महिन्याभरात निकाल लागला. किरपेकरांना 'सल्लागार' करून घरी बसवलं. शेट्ये होते तिथेच राहिले. माझ्या पद्धतीने गणितं करायची असं ठरलं आणि किरपेकरांची केबिन मला मिळाली. भुवडमामांना खोट्या नोंदी केल्याबद्दल कामावरून काढलं. सत्तावीस वर्षांची नोकरी होती.

ते हिशेबाला आले त्या दिवशी मी कारखान्यातच होते. फाटकाशी गाठ पडली. टाळायला जागा नव्हती.

"मामा," मी म्हटलं, "मी वर बोलून बघते. पुन्हा अर्ज करा."

"नको."

"माझा इलाज नव्हता, मामा."

"व्हता," ते म्हणाले. आवाज अजूनही चढला नव्हता, आणि त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. "सायबाची चूक तुमी सांगितलीत. पाऊन तास सांगितलीत. माजी बी सांगितलीत. तुमची तेवडी ऱ्हायली." त्यांनी खिशातून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. "ह्ये तुमचंच हाय. ठेवा."

ते हमरस्त्याकडे चालायला लागले. फाटकावरचा वॉचमन त्यांना रामराम करायला खुर्चीवरून उठला. मला तो रोज बसूनच सलाम करायचा.

मी किरपेकरांवर रागावत राहिले. वीस वर्षं रागावले. नव्या पोरापोरींना पावलांची गोष्ट सांगताना रागावून सांगायचे आणि त्यांना ती आवडायची. एवढा राग अंगात असला की बाकी कशाला जागा उरत नाही, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

गेल्या वर्षी केबिनमधलं कपाट आवरताना ती पिशवी हाताला लागली. मेमो मी तेव्हा वाचलाच होता, पण कागद कधी उलटून पाहिला नव्हता. मागे पेन्सिलीने, त्या सुबक अक्षरात, अकरा ओळी लिहिलेल्या होत्या. तारीख, वेळ, तापमान. त्रेसष्ट. चौसष्ट. सहासष्ट. पासष्ट. असे अकरा. प्रत्येकीपुढे आणखी एक छोटा आकडा होता, चार, तीन, तीन, चार. तो कशाचा हे समजायला मला थोडा वेळ लागला. पाइपवर हात किती मोजेपर्यंत टिकला, त्याचा तो आकडा होता.

मी दार लावून घेतलं आणि त्या तीन दिवसांचं गणित नव्याने केलं. आताच्या मशीनवर साडेतीन दिवस लागत नाहीत. जॅकेटची उष्णता ओढण्याची खरी ताकद आता आम्हाला ठाऊक आहे, दोन्ही प्रोग्रॅम प्रत्येक पावलाला एकमेकांना विचारून पुढे जातात. चहा संपायच्या आत उत्तर आलं. मी पेन्सिलीच्या ओळीशेजारी एकेक आकडा लिहीत गेले.

अकराच्या अकरा बरोबर होते. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

मी त्याचा रिपोर्ट केला, एकच पान. 'श्री. गंगाराम भुवड यांच्या अकरा नोंदी अचूक आहेत. चूक माझी होती.' खाली सही केली. ती कोणीच मागितली नव्हती, आणि ते पान द्यायचं कुठे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.